सड्यावरच्या घराची वीस हजार लिटरची टाकी : एक प्रकरण अभ्यास

लांजा तालुक्यातल्या एका वाडीत एका कुटुंबाने पावसाचं पाणी साठवायला टाकी बांधली, त्याची ही नोंद. वाडीचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. घर चालवणाऱ्या वहिनी, बागायत बघणारे भाऊ, ऐंशी ओलांडलेल्या आजी आणि डोंबिवलीला नोकरी करणारे धाकटे दीर अशी ही चार मुख्य माणसं. माझा संबंध सल्ल्यापुरता होता. प्रत्येक निर्णय घरच्यांनी आपसात बोलून घेतला, आणि त्या बोलण्यातच शिकण्यासारखं बरंच काही होतं.

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत इथल्या कितीतरी वाड्यांना टँकर लागतो. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही, पण सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, राहणाऱ्याला त्याचं कारण पायाखालीच दिसतं. जांभा दगड सच्छिद्र असतो. पाणी त्यात पटकन मुरतं आणि तितक्याच पटकन बाहेर पडतं. जांभ्याच्या खाली चिकणमातीचा थर असतो, त्यावरून पाणी उताराकडे सरकतं आणि खालच्या अंगाला झऱ्यांतून, पऱ्यांतून (ओढ्यांतून) वाहून जातं. वरच्या वाडीने मुरवलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत दिसतं ते यामुळेच.

या घराची वाडी सड्याच्या कडेला आहे. वाडीची विहीर गणपतीत काठोकाठ असते, दिवाळीला अर्धी होते, शिमग्याला तळ दिसायला लागतो. एप्रिलमध्ये रात्रभर जेवढं पाझरेल तेवढं पहाटे उपसायचं, आणि मे उजाडला की टँकरची वाट बघायची. वाडीत नळ आला आहे, पण नळयोजनेची विहीरही त्याच उतारावर आहे, त्यामुळे तिचाही उन्हाळा असाच जातो.

घर कौलारू, मंगलोरी कौलांचं. घरात बारमाही माणसं चार: आजी, भाऊ, वहिनी आणि शाळेत जाणारी मुलगी. गोठ्यात एक म्हैस आणि एक गाय. मे महिन्यात मुंबईकडची मंडळी आली की माणसांचा आकडा बारावर जातो.

अडचण नेमकी कुठे होती

सुरुवातीला सगळे एकच वाक्य बोलत होते, 'पाणी पुरत नाही.' या वाक्यावरून टाकी बांधता येत नाही. किती पाणी, कोणाला, कोणत्या महिन्यात, हे वेगळं काढावं लागतं. ते काढायला बसल्यावर दोन गोष्टी पुढे आल्या, ज्या तोवर कोणी मोठ्याने बोललं नव्हतं.

पहिली म्हणजे, घरात पाणी सर्वांत कमी असतं त्याच महिन्यात माणसं सर्वांत जास्त असतात. दीर म्हणाले, "आम्ही आठ-दहा दिवस यायचं तर तुमच्या डोक्यावर हंडे वाढवून." वहिनी त्यावर काही बोलल्या नाहीत, पण आजींनी मान डोलावली.

दुसरी गोष्ट वहिनींनी सांगितली. माणसांच्या पाण्यापेक्षा गुरांचं पाणी जास्त होतं. उन्हाळ्यात एक दुभतं जनावर दिवसाला ४० ते ६० लिटर पाणी सहज पितं. दोन जनावरांचे दिवसाला शंभर लिटर धरले तर ते चार माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाच्या दुपटीहून अधिक होतात. हे पाणी विहिरीवरून गोठ्यापर्यंत वहिनीच आणत होत्या. भाऊंच्या हिशेबात ते कधी आलंच नव्हतं, कारण ते त्या वेळी बागेत असत. टाकी कुठे बांधायची हा प्रश्न पुढे या एका माहितीवर सुटला.

विचारात घेतलेले पर्याय

*बोअरवेल.* भाऊंचा पहिला कल इकडे होता. वाडीत दोघांनी बोअर मारल्या होत्या. एकीला पाणी लागलं नाही, दुसरीचं फेब्रुवारीपर्यंतच टिकतं. पैसे गुंतवायचे आणि पाण्याची खात्री नाही, म्हणून हा पर्याय बाजूला ठेवला.

*छपराचं पाणी विहिरीत सोडणं.* खर्च सर्वांत कमी. देशावर, जिथे पाऊस कमी आणि खडक वेगळा आहे, तिथे विहीर पुनर्भरणाचे चांगले परिणाम दिसतात. पण ही विहीर पावसाळ्यात स्वतःच काठोकाठ भरते. भरलेल्या विहिरीत आणखी पाणी सोडून मे महिन्यात त्याचा थेंब हाती लागत नाही. सड्यावरच्या घरांना हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो इथे चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

*प्लास्टिकच्या टाक्या.* पाच हजार लिटरच्या चार टाक्या. काम एका दिवसात होणार, गळतीची भीती नाही. त्या वेळच्या स्थानिक दरांनी हा पर्याय खाली दिलेल्या फेरोसिमेंटपेक्षा महाग पडत होता आणि टाक्या उन्हापासून झाकायला वेगळी शेड लागली असती.

*खड्डा काढून त्यात शेततळ्याचा प्लास्टिक कागद.* लिटरमागे सर्वांत स्वस्त. कलमांना आणि पोफळीला उत्तम. पण उघडं पाणी पिण्याचं राहत नाही, डास होतात, आणि घरात लहान मुलं येणार. हा पर्याय पिण्याच्या पाण्यासाठी नाकारला, बागेसाठी पुढे बघू असं ठरलं.

*चिऱ्याची टाकी.* चिरा घरचाच मिळाला असता. पण जांभ्याच्या बांधकामाला आतून कितीही गिलावा केला तरी सांध्यांत बारीक तडे जातात. वाडीतल्या एका जुन्या टाकीची तीच गत झालेली सगळ्यांना ठाऊक होती.

*फेरोसिमेंट.* लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर वेल्डमेश आणि कोंबडी जाळी, आणि दोन्ही बाजूंनी सिमेंट-वाळूचा दाट गिलावा. भिंत जेमतेम दीड इंच जाडीची, पण जाळी सगळीकडे पसरलेली असल्याने ताण एका जागी साचत नाही. साहित्य कमी, कौशल्य जास्त. अडचण एकच, हे काम केलेला गवंडी पाहिजे. दीरांनी शेजारच्या तालुक्यातून तसा गवंडी शोधून आणला. त्याने बांधलेली आठ वर्षं जुनी टाकी भाऊ स्वतः जाऊन बघून आले आणि निर्णय झाला.

टाकी किती मोठी

इथे घरात खरा वाद झाला. दीरांचं म्हणणं, 'पाऊस एवढा पडतो, चाळीस-पन्नास हजार लिटरची बांधू.' भाऊंचं म्हणणं, 'पिण्यापुरती पाच हजाराची पुरे.' दोघेही अंदाजाने बोलत होते.

आधी छपराचा हिशेब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. घराची मागची बाजू ४२ फूट लांब आणि आडवी मोजली तर १३ फूट रुंद, म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर. कौलं थोडं पाणी पितात, थोडं उडून जातं, म्हणून ८० टक्के धरलं. एक मिलिमीटर पावसाला ४० लिटर. तीन हजार मिलिमीटरला एक लाख वीस हजार लिटर, तेही अर्ध्याच छपरावरून. मग पुढच्या बाजूला पन्हळ लावायची गरजच उरली नाही आणि तो खर्च वाचला. कोकणात छपराचं क्षेत्र कधीच अपुरं पडत नाही. अडतं ते साठ्यावर.

म्हणून साठ्याचं माप गरजेवरून काढलं. हिशेब १ मार्च ते १० जून असा धरला, साधारण शंभर दिवस. पिणं आणि स्वयंपाक माणशी रोज १० लिटर. मार्च-एप्रिलचे चार माणसांचे सुमारे २,४०० लिटर, मे महिन्यातल्या बारा माणसांचे ३,७००, जूनच्या सुरुवातीचे ४००. झाले साडेसहा हजार. गुरांचे शंभर दिवसांचे दहा हजार. नळाच्या खाली तळाशी राहणारं, न वापरता येणारं पाणी एक हजार. एकूण साडेसतरा हजार. अडीअडचणीला थोडं धरून वीस हजार ठरले.

ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर हे माप धरलं आहे. ते लावलं असतं तर आंघोळ-कपडे धरून टाकी दुपटीच्या पुढे गेली असती. वहिनींनी तेव्हा विचारलं, "कपडे मी टँकरच्या पाण्यात धुवीन. पण प्यायला तेच पाणी लागलं तर काय करायचं?" टाकी कशासाठी आहे हे त्या प्रश्नाने ठरलं: माणसांचं पिणं, रांधणं आणि गुरं. धुण्याभांड्याचं आणि आंघोळीचं पाणी विहीर, नळ, टँकर यांतून जसं मिळेल तसं.

जागा

स्वयंपाकघराच्या मागे, परसात, टाकी हवी असं सगळ्यांनाच वाटत होतं. पण तिथे एक साधी अडचण आली. मागच्या पडवीची पागोळी (छपराची खालची कड) जमिनीपासून जेमतेम सहा फुटांवर. टाकी सात फूट उंच, तिच्यावर गाळणीचं पिंप तीन फूट. पाणी सहा फुटांवरून दहा फुटांवर चढणार कसं? जुन्या कोकणी घरांत छप्पर मुद्दाम खाली ओढलेलं असतं, पावसाचे तिरपे सपके भिंतीला लागू नयेत म्हणून. पन्हळ लावून टाकी भरायची म्हटलं की ही खाली आलेली पागोळी आडवी येते. कागदावरच्या नकाशात हे लक्षात येत नाही.

टाकी बुटकी आणि रुंद करणं हा एक मार्ग होता, पण परसात तेवढी रुंद जागा नव्हती. कातळ फोडून अर्धी जमिनीत घालणं खर्चाचं होतं. परसाच्या खाली, गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे), पाच फूट खाली दुसरा टप्पा होता आणि गोठा त्याच टप्प्यावर. तिथे बांधली तर सहा आणि पाच मिळून अकरा फूट मिळत होते, म्हणजे नळीला फूटभर उतार. गुरांचं पाणी नळ सोडला की थेट गोठ्यात. त्या बदल्यात स्वयंपाकाचं पाणी पायऱ्या चढून वर आणावं लागणार होतं, रोज चाळीस लिटर. शंभर लिटर खाली वाहायचे की चाळीस लिटर वर, असा तो सौदा होता. वहिनींनी खालची जागा निवडली.

गवंड्याने आणखी एक गोष्ट हेरली. टप्प्याचा बाहेरचा भाग भरावाच्या मातीचा होता. पाण्याचंच वजन वीस टन. भरावावर ते एका बाजूला खचलं असतं. त्याने टाकी आतल्या अंगाला, दरडीकडे सरकवली आणि कातळ लागेपर्यंत माती काढली. दोन दिवसांची मजुरी वाढली, पण या मजुरीत काटकसर करायची नसते.

बांधकाम कधी आणि कसं

दीर मे महिन्यात रजेवर येतात, तेव्हा काम काढू असं आधी ठरत होतं. पैसे तेव्हाच हातात येतात, आंबा-काजू विकून झालेला असतो. गवंड्याने विचारलं, "मे महिन्यात गिलाव्यावर मारायला पाणी कुठून आणणार?" फेरोसिमेंटची सगळी ताकद पाणी मारण्यावर असते. निदान दोन आठवडे भिंत सुकू द्यायची नाही, गोणपाटं गुंडाळून ओली ठेवायची. ज्या घराला प्यायला पाणी नाही ते मे महिन्यात भिंतीला कुठून पाजणार?

काम जानेवारीत काढलं, विहिरीला पाणी होतं तेव्हा. पैशांची जुळणी त्यामुळे अवघड झाली. दीरांनी अर्धे दिले, उरलेल्यासाठी वहिनींनी बचत गटातून कर्ज घेतलं आणि ते काजू बी विकल्यावर फेडलं. कर्ज वहिनींच्या नावावर असल्याने पुढच्या सगळ्या बोलण्यात त्यांचा शब्द वजनदार झाला, हेही इथे नोंदवायला हवं.

टाकीचा व्यास ३.६ मीटर, पाण्याची उंची २ मीटर. सिमेंट एक भाग, वाळू तीन भाग. वाळूवरून एक प्रसंग झाला. कोणीतरी खाडीची वाळू स्वस्तात देऊ केली. खाडीच्या वाळूत मीठ असतं, मिठाने आतली जाळी गंजते आणि दीड इंचाच्या भिंतीत जाळी गंजली की टाकी संपली. गवंडी त्या वाळूला हात लावायला तयार नव्हता. शेवटी खाणीवरची क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) आणून, चाळून वापरली.

गिलावा करताना एक माणूस आतून थापी धरून उभा आणि दुसरा बाहेरून मिश्रण दाबत होता. जाळीच्या मागे पोकळी राहिली तर तिथूनच पाणी फुटतं, म्हणून गवंडी दर हातभर अंतरावर बोटाच्या पेराने टकटक करून आवाज ऐकत होता. भिंतीचा पूर्ण फेरा एका दिवसात संपवायचा, मध्ये सांधा ठेवायचा नाही, हा त्याचा नियम. त्या दिवशी जेवायलाही सगळे पाळीपाळीने बसले.

पन्हळ सहा इंची पीव्हीसी पाइप उभा अर्धा चिरून केली. तिच्यात पंधरा-वीस फुटांवर फांद्या असलेल्या फणसाचा पाला येणार हे दिसत होतं, म्हणून नळीच्या तोंडाशी जाळी बसवली.

गाळणी आणि पहिलं पाणी

या भागावर सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि तो योग्यच होता.

आंब्याच्या बागा आजूबाजूला. मोहोरावर तुडतुडे येऊ नयेत म्हणून डिसेंबरपासून फवारण्या चालतात. फवारा वाऱ्याने कौलांवरही बसतो. त्यावर सहा-सात महिन्यांची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, शेवाळ. पहिल्या पावसात हे सगळं धुऊन खाली येतं. ते टाकीत जाता कामा नये.

पहिलं पाणी आपोआप बाजूला काढणारी उभी नळी लावावी का, असा विचार झाला. चार इंची नळीच्या एका मीटरमध्ये नऊ लिटरही मावत नाहीत. या छपरावर नुसता दोन मिलिमीटर पाऊस धरला तरी ८० लिटर होतात. ती नळी इथे नावापुरतीच राहिली असती. त्याऐवजी नळीला हाताने फिरवायचा बाक (वाकडा जोड) बसवला. तो एका बाजूला वळवला की पाणी अंगणात, दुसरीकडे वळवला की टाकीत. घरात माणूस असतं तिथे हाताने चालणारी व्यवस्था जास्त भरवशाची.

गाळणी म्हणून दोनशे लिटरचं पिंप: खाली खडी, वर जाड वाळू. यातून तासाला हजार-बाराशे लिटरच पाणी उतरतं. कोकणातला जोराचा पाऊस तासाला शंभर मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे या छपरावरून चार हजार लिटर. पिंप भरून वाहणार. भाऊंना ते खटकलं, मोठी गाळणी करू म्हणाले. पण लाखभर लिटरमधून वीस हजारच घ्यायचे आहेत. वाहिलं तर वाहू दे, जे आत जाईल ते स्वच्छ जाऊ दे. कमी पावसाच्या प्रदेशात थेंब न् थेंब धरायची जी सवय सांगितली जाते, ती इथे सोडून द्यावी लागते.

टाकी भरायचं वेळापत्रक नक्षत्रांवर बसवलं, कारण घरात बोलणं त्याच भाषेत होतं. मृगाचं सगळं पाणी अंगणात. आर्द्रा लागल्यावर बाक फिरवायचा. तरण्या पावसात, म्हणजे पुनर्वसू नक्षत्रात, टाकी भरली की ती पूर्ण सोडून द्यायची आणि आतून घासायची. म्हाताऱ्या पावसात, म्हणजे पुष्य नक्षत्रात, परत भरायला घ्यायची. टाकी भरायला पाचशे मिलिमीटर पाऊस लागतो, जुलै-ऑगस्टमध्ये तो खात्रीने मिळतो. सप्टेंबरच्या भरवशावर टाकी रिकामी करायची नाही.

पहिलं वर्ष

नव्या सिमेंटचा उग्रपणा पहिल्या भरण्यात पाण्यात उतरतो. ते पाणी सोडूनच द्यायचं होतं, त्यामुळे त्याची काळजी नव्हती. तळाच्या सांध्याशी दोन ठिकाणी ओल दिसली. एक जागा काही आठवड्यांत पांढरी रेघ उमटून आपोआप बंद झाली. सिमेंटमधला चुना पाझरणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर येऊन भेग बुजवतो. दुसरी बुजली नाही, ती टाकी घासताना आतून सिमेंटचा घोळ लावून बंद केली.

जुलैत खरा त्रास झाला. टाकीत पाणी आणणारी नळी चार इंची होती, जादा पाणी बाहेर सोडणारी दोन इंची. एका रात्री पिंप वाळू तुंबून वाहत होतं म्हणून भाऊंनी वरची जाळी काढली आणि नळी सरळ टाकीच्या तोंडात वळवली. टाकी भरली, दोन इंची नळीला पाणी पेलेना, ते झाकणावरून उसळून खाली पायापाशी पडलं. सकाळी पायाच्या बाहेरच्या अंगाला घमेलंभर माती खचलेली दिसली. टाकी कातळावर होती म्हणून निभावलं. नंतर बाहेर सोडायची नळी चार इंची केली आणि तिचं पाणी चर काढून पोफळीकडे नेलं.

पन्हळीचे आधारही चार-चार फुटांवर होते. ओझ्याने मधला भाग खाली आला आणि पाणी उलटं वाहून अर्धं बाहेर पडू लागलं. आधार दोन फुटांवर आणल्यावर पन्हळ सरळ झाली.

हस्त संपल्यावर बाक अंगणाकडे वळवून त्याचं तोंड घट्ट बंद केलं. झाकण, हवेची नळी, बाहेर सोडायची नळी, सगळ्यांना बारीक जाळी. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, त्यामुळे या जाळीत तडजोड नाही.

आजींनी फेब्रुवारीत पहिल्यांदा ते पाणी चाखलं आणि "साठवणीचं पाणी शिळं" म्हणून तांब्या परत ठेवला. अंधारात झाकलेलं पाणी महिनोन् महिने टिकतं. आपल्या किल्ल्यांवर कातळात खोदलेल्या टाक्यांवर शिबंदी उन्हाळा काढत होती आणि कान्हेरीच्या लेण्यांत भिक्खूंनी दोन हजार वर्षांपूर्वी हीच सोय केली होती. पण आजींना हा इतिहास सांगून उपयोग नव्हता. पाण्याची तपासणी करून घेतली. जंतू असले की एच-टू-एस चाचणीच्या बाटलीतलं पाणी काळं होतं, ते झालं नाही. तरीही प्यायच्या पाण्याला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घालायचं ठरलं, हजार लिटरला पाच ग्रॅम, आणि घातल्यावर अर्धा तास थांबायचं. टीसीएलचा वास आजींना आणखी नकोसा झाला. शेवटी त्यांच्यापुरतं पाणी उकळून, माठात गार करून दिलं. ते त्या प्यायल्या.

उन्हाळ्यात काठी बुडवून दर रविवारी पाण्याची उंची मुलगी वहीत लिहीत होती. मार्चअखेर खर्च हिशेबापेक्षा कमी होता. मे महिन्यात तो हिशेबाच्या बराच पुढे गेला. पाहुणे हातपाय धुवायलाही टाकीचाच नळ सोडत होते, कारण तो जवळ होता. वहिनींनी तिसऱ्या दिवशी नळाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. जाऊबाईंना ते थोडं लागलं. पण ७ जूनला पाऊस सुरू झाला तेव्हा नळाच्या वर चार बोटं पाणी शिल्लक होतं.

शेजारच्या दोन घरांत म्हातारी माणसं एकटी राहतात. ती कळशी घेऊन आली तर काय, हे कोणी आधी ठरवलं नव्हतं. वहिनींनी दोघांना रोज एकेक कळशी दिली. शंभर दिवसांत ते तीन हजार लिटर होतात. अडीअडचणीला धरलेलं पाणी यात गेलं आणि ते योग्य ठिकाणी गेलं असं मला वाटतं. मात्र पुढच्या हिशेबात ते धरलंच पाहिजे.

दुसरं वर्ष आणि वळवाचा मोह

दुसऱ्या वर्षी मे महिन्याच्या मध्यावर वळीव कोसळला. टाकी अर्ध्याच्या खाली होती. दीर घरात होते. एवढं पाणी वाया जाताना बघवेना म्हणून त्यांनी बाक फिरवला. हेतू चांगलाच होता. पण त्या सरीने सहा-सात महिन्यांची धूळ आणि मोहोराची फवारणी घेऊन पाणी टाकीत आणलं. दुसऱ्या दिवशी पाणी पिवळट होतं. प्यायला ते वापरायचं नाही असं ठरलं. औषधाचा अंश गाळून किंवा टीसीएल घालून जात नाही. गुरांनाही पाजलं नाही. सात हजार लिटर पाणी धुण्यात आणि झाडांना गेलं, आणि उरलेले दिवस घराने टँकरवर काढले.

या घटनेचं मूळ माणसात कमी आणि व्यवस्थेत जास्त होतं. बाकाचं तोंड ऑक्टोबरात बंद केलं होतं, पण हाताने उघडता येईल असं. आता त्यावर टोपण बसवून तार आवळली आहे, आणि ती पक्कड घेतल्याशिवाय सुटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

बाहेर सोडायची नळी आत येणाऱ्या नळीएवढी ठेवणं हे पहिल्याच दिवशी करायचं काम होतं, खर्चातला फरक किरकोळ. पन्हळीच्या आधारांचंही तसंच.

वीस हजारांची एक टाकी बांधण्याऐवजी दोन टाक्या बांधायला हव्या होत्या असं आता घरच्यांनाही वाटतं: सात हजारांची माणसांसाठी, तेरा हजारांची गुरांसाठी. खर्च थोडा वाढला असता, कारण दोन गोल भिंतींना साहित्य जास्त लागतं. पण वळवाच्या दिवशी एकच टाकी बिघडली असती. धुताना एक भरलेली राहिली असती, आणि कुलूप फक्त छोटीला पुरलं असतं. लहान टाकी वरच्या परसात बसवता आली असती का? तिथे पागोळीच्या उंचीची अडचण आहेच, पण सात हजार लिटरची टाकी बुटकी करून कदाचित जमलं असतं, आणि पायऱ्यांचा प्रश्नही सुटला असता.

पाणी वर चढवायला छोटा पंप घ्यावा असं दीर दोन वर्षं सांगत आहेत. वहिनी अजून तयार नाहीत. पंप लावला की स्वयंपाकघरात नळ येईल, नळ आला की पाणी मोजून खर्च होणार नाही, अशी त्यांची भीती आहे, आणि पहिल्या मे महिन्याचा अनुभव बघता ती खोटी नाही. मध्यम मार्ग म्हणून स्वयंपाकघराबाहेर ५० लिटरचं पिंप ठेवून दिवसातून एकदाच पंपाने भरायचं, असा विचार चालू आहे. रोजचा खर्च त्या पिंपाएवढाच राहील आणि कळश्या चढवाव्या लागणार नाहीत. मे महिन्यात बारा माणसं असताना ते दोन-तीनदा भरावं लागेल. ते कोणी भरायचं, एवढंच अजून ठरायचं आहे.